धरणालाही मुदत हवी



अमेरिकेत 2023 आणि 2024 या दोन वर्षांत एकाच नदीवरची चार धरणे पाडण्यात आली. ती भूकंपाने पडली नाहीत, पुराने फुटली नाहीत. रीतसर परवानगी घेऊन, पैशाची तरतूद करून, सुरुंग आणि यंत्रे लावून पाडली. ही बातमी कोरडवाहू कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या माणसाला सांगितली तर तो म्हणेल, "आमच्या शिवारात आधी धरणाचे पाणी येऊ द्या, पाडायचे मग बघू." त्याचे म्हणणे रास्त आहे. ज्याच्या बापाच्या आयुष्यात पाटाचे पाणी शेताला लागले नाही, त्याला धरण पाडण्याच्या गोष्टी सांगणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगणे.

तरीही ही गोष्ट जिल्ह्याच्या बैठकीत वाचली जावी असे मला वाटते. ती माशांची आहे, नदीची आहे, पण मुळात ती हिशेबाची आहे. धरण बांधताना जी वही उघडली जाते ती पुढे पुन्हा कधी तपासायची की नाही, कोणी तपासायची आणि शिल्लक वजा निघाली तर काय करायचे, हा त्या गोष्टीतला खरा प्रश्न आहे. शिवाय त्या तंट्यात शेतकरी हा एक पक्ष होता. त्याच्या पदरात शेवटी काय पडले, हे आपण नीट पाहून ठेवले पाहिजे.

एकच पाणी, दोघांना वचन

नदीचे नाव क्लॅमथ. ऑरेगॉन राज्यातल्या एका मोठ्या, उथळ तलावातून ती निघते आणि कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतून सुमारे 250 मैल वाहत जाऊन प्रशांत महासागराला मिळते. तलावाच्या काठी क्लॅमथ आदिवासी, खालच्या अंगाला युरोक, कारूक आणि हूपा. या लोकांचे अन्न म्हणजे सॅमन मासा. हा मासा जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात, आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा उलटा प्रवाह चढून आपल्या जन्माच्या ओढ्यात येतो. वाट अडवली की वंश खुंटला.

क्लॅमथ आदिवासींना अमेरिकन सरकारने 1864 च्या तहात मासेमारीचा हक्क राखून दिला. पुढे 1905 साली त्याच सरकारने त्याच पाण्यावर मोठी पाटबंधारे योजना मंजूर केली. तळी आणि दलदली आटवून जमिनी काढल्या, कालवे खोदले, दोन्ही महायुद्धांतून परतलेल्या सैनिकांना तिथे जमिनी देऊन वसवले. दोन लाख एकरांहून जास्त क्षेत्र भिजू लागले. बटाटा, कांदा, सातू, लसूणघास ही तिथली पिके. पाणी एक, वचन दोघांना. आपल्याकडच्या पाणीवाटपाचा अनुभव असलेल्याला पुढची कथा सांगावी लागत नाही.

आता ती चार धरणे. कॉप्को क्रमांक 1, कॉप्को क्रमांक 2, जे. सी. बॉयल आणि आयर्न गेट. 1918 ते 1962 या काळात वीज कंपनीने ती उभी केली. ती होती शेतीच्या खालच्या अंगाला, आणि होती फक्त विजेसाठी. शेतीला पाणी देण्याचे काम या चारांकडे नव्हतेच. चौघांची मिळून वीज निर्माण करण्याची क्षमता 163 मेगावॉट. म्हणजे आपल्या औष्णिक केंद्रातल्या 210 मेगावॉटच्या एका जुन्या संचापेक्षाही कमी. एवढ्यासाठी वरच्या सुमारे 400 मैल ओढ्या-नद्यांची वाट माशांना बंद झाली होती. अडवलेले पाणी उन्हाळ्यात तापायचे, त्यावर हिरवे विषारी शेवाळ माजायचे, आणि पाण्याला हात लावू नका असे इशारे काठावर लागायचे. धरणाखालच्या पात्रात वाळू-गोटे हलत नव्हते, त्यामुळे तिथल्या तळात माशांना रोग लावणारे परजीवी सुखाने वाढत होते. वाहते पाणी नदीचे पात्र दरवर्षी धुऊन काढते. धरणाने ती धुलाईच थांबवली होती.

एका वर्षी शेतकरी, दुसऱ्या वर्षी मासा

2001 साली दुष्काळ पडला. नामशेष होण्याच्या बेतात असलेल्या माशांसाठी पाणी राखले पाहिजे, या कायद्याच्या आधारे केंद्र सरकारने त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये योजनेतल्या बहुतेक शेतकऱ्यांचे पाणी बंद केले. पेरणीच्या तोंडावर! मे महिन्यात क्लॅमथ फॉल्स या गावी हजारो माणसे रस्त्यावर उभी राहिली आणि हातोहात बादल्या देत तलावाचे पाणी कालव्यात ओतले. जुलैत आंदोलकांनी कालव्याची दारे जबरदस्तीने उघडली. आंदोलन करणाऱ्या कोणालाही त्या रांगेतली माणसे परकी वाटणार नाहीत.

पुढच्या वर्षी, 2002 साली, वारे फिरले आणि पाणी शेतीला मिळाले. नदीचा प्रवाह रोडावला, पाणी तापले, रोग पसरला. सप्टेंबरमध्ये नदीच्या मुखाजवळ कमीत कमी 34 हजार मोठे सॅमन मरून काठाला लागले. हा सरकारी आकडा. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ जास्त मेले असे मानणारे जाणकार आहेत.

एका वर्षी शेतकरी बुडाला, दुसऱ्या वर्षी मच्छीमार बुडाला. शेतकरी आणि आदिवासी एकमेकांना शत्रू समजू लागले. दोघांनाही एकच पाणी देऊ करणारे सरकार मात्र मध्यस्थ म्हणून खुर्चीवर बसले. गरिबांच्या दोन गटांत भांडण लावून आपण पंच व्हायचे ही विद्या फक्त आपल्याच पुढाऱ्यांना येते असे समजू नका.

मुदत संपली आणि वही उघडावी लागली

या कोंडीतून वाट निघाली ती एका रूक्ष कायद्यामुळे. अमेरिकेत 1920 च्या कायद्याप्रमाणे खाजगी वीज कंपनीला नदी अडवण्याचा परवाना कायमचा मिळत नाही. तो मुदतीचा असतो, जास्तीत जास्त 50 वर्षांचा. मुदत संपली की नव्याने अर्ज, नव्याने सुनावणी. या धरणाने काय दिले, काय घेतले, पुढे चालवायचे तर कोणत्या अटींवर, हे सगळे पुन्हा मांडावे लागते. नदी कंपनीच्या मालकीची होत नाही. ती खंडाने दिलेली असते.

क्लॅमथच्या धरणांचा परवाना 2006 साली संपला. नवा हवा असेल तर माशांना धरण चढून जाता येईल अशा शिड्या बांधा, अशी अट मत्स्य विभागांनी घातली. कंपनीने आकडेमोड केली. शिड्यांचा खर्च प्रचंड, वीज थोडी, आणि पुढे आणखी कोणत्या अटी येतील याचा नेम नाही. धरणे चालवली तर तोटा, पाडली तर सुटका. ही कंपनी, पॅसिफिकॉर्प, वॉरन बफे यांच्या उद्योगसमूहातली. बफे हे नदीवरच्या प्रेमासाठी प्रसिद्ध नाहीत, हिशेबासाठी आहेत.

पण हिशेब आपोआप कोणी मांडत नाही, मांडायला लावावा लागतो. ही कंपनी आधी स्कॉटलंडमधल्या मालकाकडे होती, तेव्हा 2004 साली हे आदिवासी समुद्र ओलांडून भागधारकांच्या सभेला गेले. मालक बदलल्यावर ते बफे यांच्या ओमाहा गावच्या सभेतही जाऊन उभे राहिले. वीस वर्षे त्यांनी हा पिच्छा सोडला नाही.

शेवटी 45 कोटी डॉलरची तरतूद झाली. त्यातले 20 कोटी वीजग्राहकांकडून, 25 कोटी कॅलिफोर्निया राज्याने उभारलेल्या रोख्यांतून. ग्राहकांवरचा बोजा 20 कोटींच्या वर जाणार नाही अशी मर्यादा आधीच बांधून घेतली होती. दोन्ही राज्यांच्या वीज आयोगांनी तपासून सांगितले की, धरणे ठेवण्यापेक्षा या करारानुसार पाडणे ग्राहकांच्या हिताचे आहे. धरणाच्या जलाशयाकाठी घरे बांधलेल्यांचा आणि तिथल्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, याला कडवा विरोध होता. तोही नोंदवला गेला. 17 नोव्हेंबर 2022 रोजी केंद्रीय आयोगाने परवाना सोडून देण्यास आणि धरणे काढण्यास अंतिम मान्यता दिली.

पाडल्यावर काय झाले

पर्यावरणवाले मित्र इथून पुढचे सगळे गोड गोड सांगतात. शेतीशास्त्र शिकलेल्या माणसाने कडूही सांगितले पाहिजे.

चार धरणांमागे मिळून अंदाजे 40 लाख ब्रास गाळ साठला होता. त्यातला तिसरा हिस्सा ते निम्मा नदीबरोबर वाहून जाईल असे गणित होते. जानेवारी 2024 मध्ये जलाशय रिकामे करायला सुरुवात झाली आणि नदी कित्येक आठवडे चिखलाच्या रंगाची वाहिली. पाण्यातला प्राणवायू घटला, मासे मेले. त्याच हंगामात मत्स्य विभागाने सोडलेली सॅमनची सुमारे 8 लाख 30 हजार पिल्ले आयर्न गेट धरणाच्या बोगद्यातून जाताना दाबातल्या फरकाने मेली. जलाशय गेल्यावर आपल्या विहिरींचे काय होणार, ही तिथल्या रहिवाशांची काळजी होतीच.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. उघड्या पडलेल्या सुमारे 2,200 एकर गाळावर स्थानिक गवते, झुडपे आणि फुलझाडे यांचे बी आधीपासून गोळा करून, वाढवून पेरले गेले. उघडा गाळ म्हणजे तण आणि धूप, हे त्यांनी आधी ओळखले होते. 2024 च्या ऑक्टोबरपर्यंत पाडण्याचे काम संपले. आणि त्याच महिन्यात ऑरेगॉनच्या हद्दीत, चारही धरणांच्या जागा ओलांडून, वरच्या एका ओढ्यात सॅमन सापडला. धरणांचे काम सुरू झाल्यावर, 1912 नंतर, प्रथमच. शंभरावर वर्षे जी वाट बंद होती ती खुली झाल्यावर मासा काही आठवड्यांत तिथे पोचला. कोणी त्याला दाखवायला गेले नव्हते.

आणखी एक गोष्ट विस्थापितांनी ध्यानात ठेवावी. कॉप्को धरणासाठी शास्ता आदिवासींच्या जमिनी शंभर वर्षांपूर्वी गेल्या होत्या. जून 2024 मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सुमारे 2,800 एकर जमीन त्यांच्या वारसांना परत देण्याचे जाहीर केले.

शेतकऱ्याच्या पदरात काय?

आता आपल्या कामाची गोष्ट. 2010 च्या फेब्रुवारीत, वर्षानुवर्षांच्या भांडणानंतर, शेतकरी, आदिवासी, कंपनी आणि सरकारे एका टेबलावर बसली आणि दोन करार झाले. पहिला धरणे काढण्याचा. दुसरा पाण्याचा: शेतीला दरवर्षी किती पाणी मिळणार याची शाश्वती, दुष्काळात काय करायचे याचा आराखडा, उपशासाठी परवडणारी वीज, नदी सुधारण्याचे काम. शेतकऱ्यांच्या पाणीवापर संघटनेने सही केली. काल ज्यांनी एकमेकांची तोंडे पाहिली नव्हती ती माणसे एका कागदावर आली, ही लहान गोष्ट नव्हती.

पण पाण्याच्या करारावर अमेरिकन संसदेची मोहोर हवी होती. संसदेने पाच वर्षे तो कागद दाबून ठेवला आणि 2015 च्या अखेरीस करार मेला. धरणाचा करार 2016 मध्ये दुसऱ्या वाटेने, संसदेला वळसा घालून, पुन्हा जिवंत करण्यात आला. म्हणजे कंपनी सुटली, मासा सुटला, आदिवासींना नदी मिळाली. शेतकऱ्याचा कागद तेवढा फाइलीत राहिला. 2021 सालच्या दुष्काळात त्या योजनेतल्या शेतकऱ्यांना पाणी जवळजवळ मिळालेच नाही.

यात आदिवासींचा दोष नाही. त्यांनी आपले मागितले आणि मिळवले. चूक करारांच्या रचनेत होती. ज्या गोष्टी एकमेकींच्या बदल्यात द्यायच्या होत्या त्या दोन कागदांवर लिहिल्या, आणि एक दुसऱ्याशिवाय चालू शकेल अशी वाट मोकळी राहिली. "हे आधी करू, तुमचे नंतर बघू" हे वाक्य कापूस उत्पादकाला पाठ आहे. जगात कुठेही ते बोलले जाते तेव्हा "नंतर" येत नसते.

आपली वही कुठे आहे?

या गोष्टीवरून उद्या कोणी "आपलीही धरणे पाडा" असा नारा दिला तर मी त्याच्या बाजूचा नाही. क्लॅमथवर जी पाडली ती विजेची धरणे होती. शेतीला पाणी देणारा वरचा तलाव आणि त्याचे कालवे तसेच आहेत. अमेरिकेतही 90 हजारांवर धरणे आहेत आणि गेल्या शंभरावर वर्षांत काढली ती दोन हजारांच्या आसपास. त्यांतली बहुतेक लहान, जुनी, निकामी झालेली. सिंचनाच्या थेंबाला मोताद असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याने धरणविरोधाची फॅशन करू नये.

पण मुदत आणि हिशेब या दोन गोष्टी मात्र आपण जरूर उचलाव्यात. देशात सर्वात जास्त मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, दोन हजार तीनशेहून अधिक. आणि तरी पाचातली चार एकर जमीन पावसाच्या भरवशावर. जमीन गेली शेतकऱ्याची, पैसा गेला जनतेचा, मग पाणी गेले कुठे? 1983 साली 372 कोटी रुपयांच्या अंदाजाने मंजूर झालेला गोसीखुर्द प्रकल्प पुढे 18 हजार कोटींवर गेला. 2012 साली सरकारला सिंचनावर श्वेतपत्रिका काढावी लागली. तीही विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत आरडाओरडा झाल्यावर. आपल्याकडे धरणाचे भूमिपूजन असते, उद्घाटन असते, नामकरण असते, लेखापरीक्षण नसते. आणि मुदत तर नसतेच.

मुदत नसली की काय होते? 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. गळती लागल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. त्यानंतर 2021 साली देशात धरण सुरक्षा कायदा झाला हे चांगले. पण तो कायदा एकच प्रश्न विचारतो: धरण फुटेल का? धरण अजून कामाचे आहे का, हा प्रश्न विचारायला आपल्याकडे कायदा नाही.

गाळाचे बघा. तुमच्या-माझ्या शेताची पहिली वीतभर माती दर पावसाळ्यात धुपते आणि तलावात जाऊन बसते. तलावाचे पाणी घटते, शेताचा कस घटतो. 2017 साली सरकारने "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजना आणली. गाळ काढायचा, शेतात टाकायचा. योजना वाईट नाही. पण कुठल्या तलावात मूळ साठा किती, आज किती उरला, गाळ काढल्यावर किती वाढला, ही तीन आकड्यांची पाटी तुम्ही तलावाच्या बांधावर पाहिली आहे का? आणि ओढ्या-नाल्यांवरचे ते कोल्हापुरी बंधारे! बर्गे चोरीला गेले, दगडी खांब उभे. पाणी अडत नाही, गाळ आणि काटेरी झुडपे तेवढी अडतात, आणि पूर आला की पाणी बगलेने शेजारच्या शेताचा काठ खाऊन जाते. अशा बांधकामाची दुरुस्ती करा, नाही तर ते काढून टाका आणि ओढ्याला वाहू द्या. खर्च दोन्हींत आहे. नुसते उभे ठेवण्यातला खर्च मात्र कोणी लिहीत नाही, कारण तो शेतकरी भरतो.

आपली मागणी

जिल्ह्याच्या बैठकीपुढे मी चार गोष्टी ठेवतो. चर्चा करा, खोडा, वाढवा.

एक. धरण असो, पाझर तलाव असो की बंधारा, प्रत्येकाला मुदत हवी. ठराविक वर्षांनी लाभक्षेत्रातल्या, बुडित क्षेत्रातल्या आणि नदीच्या खालच्या अंगाच्या गावांसमोर त्याची वही उघडी झाली पाहिजे.

दोन. त्या वहीत मूळ साठा आणि आजचा साठा, कागदावरचे भिजणारे क्षेत्र आणि खरे भिजलेले क्षेत्र, शेवटच्या चारीला पाणी पोचले ते दिवस, देखभालीचा खर्च, आणि खालच्या गावांचे झालेले नुकसान एवढे तरी असावे. चारचौघांत वाचता येईल अशा मराठीत.

तीन. वही पाहून दुरुस्ती, गाळ काढणे, वापर बदलणे किंवा काढून टाकणे, यांतला जो निर्णय होईल त्यात शेतकऱ्याच्या पाण्याची पर्यायी व्यवस्था त्याच कागदावर, त्याच सहीने लिहिलेली असावी. "नंतर बघू" चालणार नाही. क्लॅमथच्या शेतकऱ्यांनी ही किंमत मोजली आहे. आपण ती दुसऱ्यांदा मोजण्याचे कारण नाही.

चार. काढून टाकलेल्या तलावाची जमीन मोकळी झाली तर पहिला हक्क ज्यांच्याकडून ती घेतली त्यांच्या वारसांचा. आधी पुढाऱ्याच्या संस्थेला भूखंड आणि मग शेतकऱ्याला कोर्ट, असे होता कामा नये.

सरकार हे आपणहून करणार नाही. बफे यांनीही आपणहून केले नव्हते. सुरुवात आपल्याला करायची आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने आपल्या शिवारातल्या एका तलावाची किंवा बंधाऱ्याची माहिती आणावी: बांधला कधी, भिजवायचा किती, भिजवतो किती. पाटबंधारे शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. माहितीचा अधिकार 2005 पासून आपल्या हातात आहे, वापरा. माहिती मिळाली तर वहीचे पहिले पान तयार झाले. नाही मिळाली, तर नकाराचे ते पत्र घेऊन या. मोर्चा कोणत्या कचेरीवर न्यायचा ते त्यावरच ठरवू.